कार्डावरची मेमरी सांभाळताना: पहिल्यांदा ग्राफिक्स ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी

ग्राफिक्स ड्रायव्हर लिहायला घेतलेला माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, माझ्या बफरचा पत्ता काय? मीही हेच विचारलं होतं. पण बफरला कायमचा पत्ता नसतो. आत्ता तो कार्डावरच्या मेमरीत असेल, घटकाभराने सिस्टिम रॅममध्ये जाईल, आणि परत कार्डावर येईल तेव्हा भलत्याच जागी बसेल. व्हिडिओ मेमरी सांभाळणं म्हणजे पत्त्यावर कधी विसंबायचं आणि कधी नाही, हे ठरवणं. ही गोष्ट मला उशिरा उमगली. तुम्हाला ती आधीच माहीत असावी, म्हणून हा लेख.

उदाहरणं लिनक्स कर्नलमधली घेतली आहेत, कारण तिथला कोड कुणालाही उघडून वाचता येतो. सी भाषा येत असेल आणि एकदा तरी स्वतः कर्नल बांधून चालवला असेल, तर एवढी तयारी पुरे.

आधी सरावाचं कार्ड

सुरुवात खऱ्या कार्डावर करू नका. क्यूईएमयू या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये एक आभासी यंत्र उभं करा आणि त्याला साधं व्हीजीए कार्ड द्या. त्या कार्डावर मुळात १६ एमबी मेमरी मिळते, आणि एक पर्याय देऊन ती कमी-जास्त करता येते. आपल्याला अडचणी मुद्दाम घडवून आणायच्या आहेत, तेव्हा मेमरी थोडी असलेलीच बरी.

या कार्डाच्या ड्रायव्हरचं नाव बॉक्स. कर्नलच्या ६.६ या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीतला बॉक्सचा कोड समोर ठेवा. तो छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो. साध्या कार्डांसाठी २०१९ मध्ये कर्नलमध्ये व्हीरॅम हेल्पर नावाचा थर आला (व्हीरॅम म्हणजे कार्डावरची व्हिडिओ मेमरी), आणि या आवृत्तीतला बॉक्स त्याच थरावर उभा आहे. पुढच्या आवृत्त्यांमध्ये बॉक्सने वेगळी वाट धरली. का, ते पुढे येईल.

मेमरी किती, आणि दिसते किती

कार्डावरची मेमरी प्रोसेसरला एका खिडकीतून दिसते. ही खिडकी म्हणजे पीसीआयचा बार, कार्डासाठी राखलेला पत्त्यांचा पट्टा. तिचा आकार आणि मेमरीचा आकार एकच असेल असं धरून चालू नका. बॉक्स ड्रायव्हर इथे फार चांगली सवय शिकवतो. तो कार्डाच्या एका रजिस्टरमधून मेमरीचा आकार वाचतो (आकडा ६४ केबीच्या पटीत असतो, म्हणजे १६ एमबीसाठी २५६), मग बारची लांबी पाहतो, आणि दोन्ही जुळले नाहीत तर तक्रार नोंदवून त्यातला लहान आकडा धरतो. हार्डवेअर खोटं बोलू शकतं हे गृहीत धरून लिहिलेल्या या चारपाच ओळी माझ्या फार आवडीच्या आहेत.

मोठ्या कार्डांवर गोष्ट उलटी होते. मेमरी ८ जीबी आणि खिडकी मात्र २५६ एमबीची, अशी परिस्थिती वर्षानुवर्षं होती. खिडकीबाहेरची मेमरी ग्राफिक्स प्रोसेसरला पोहोचते, सीपीयूला थेट पोहोचत नाही. म्हणून अशा ड्रायव्हरमध्ये 'दिसणारी' आणि 'न दिसणारी' व्हीरॅम असे दोन हिशेब ठेवावे लागतात, आणि सीपीयूने हात लावला की बफर दिसणाऱ्या भागात हलवावा लागतो. रिसायझेबल बारमुळे खिडकी मेमरीएवढी करता येते, पण ती सोय प्रत्येक यंत्रात चालू असेलच असं नाही. ड्रायव्हरने दोन्ही परिस्थितींत चाललं पाहिजे.

मेमरीला हात लावण्याआधी आणखी एक काम आहे. यंत्र चालू होताना फर्मवेअरने पडद्यावर काहीतरी दाखवलेलं असतं, आणि त्याच मेमरीवर एखादा साधा फ्रेमबफर ड्रायव्हर आधीच बसलेला असतो. त्याला आधी उठवा. कर्नलमध्ये त्यासाठी अपर्चर हेल्पर आहेत. हे विसरलात तर दोन ड्रायव्हर एकाच मेमरीत लिहीत राहतील आणि पडद्यावरचा कचरा कुणाचा, हे शोधण्यात दिवस जाईल.

मग मॅपिंग. व्हीरॅम राइट-कम्बाइनिंग पद्धतीने मॅप करा, म्हणजे लहान लहान लेखनं एकत्र होऊन बसवरून जातात. लिहिणं त्यामुळे वेगात होतं. वाचणं मात्र संथच राहतं. लिहिताना प्रोसेसर डेटा पाठवून पुढे जातो, पण वाचताना प्रत्येक वेळी कार्डाचं उत्तर येईपर्यंत थांबतो, आणि हे मॅपिंग कॅश होत नसल्यामुळे तीच जागा पुन्हा वाचली तरी पुन्हा तेवढंच थांबणं येतं. पारदर्शक रंग मिसळायला आधीचा पिक्सेल वाचावा लागतो, आणि तो थेट व्हीरॅममधून वाचला की पडदा रखडत सरकताना दिसतो.

कागदावरचा हिशेब

कोड लिहिण्याआधी कागद घ्या. १९२० गुणिले १०८० चा पडदा, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट. गुणाकार येतो ८२,९४,४०० बाइट, म्हणजे ४ केबीची बरोबर २,०२५ पेजेस. १६ एमबीमध्ये अशी ४,०९६ पेजेस. चित्र न फाटता बदलायचं तर दोन फ्रेमबफर हवेत. एक पडद्यावर दिसत असताना दुसऱ्यात लिहायचं, मग अदलाबदल. दोन फ्रेमबफर म्हणजे ४,०५० पेजेस. शिल्लक ४६.

आता १९२० गुणिले १२०० पाहा. एका फ्रेमबफरला २,२५० पेजेस, दोनाला ४,५००. बसत नाहीत. व्हीरॅम हेल्पर हाच हिशेब मोड, म्हणजे पडद्याची रुंदी-उंची, तपासताना करतो. एक फ्रेमबफर एकूण मेमरीच्या निम्म्यापेक्षा मोठा होत असेल, तर तो मोड 'मेमरी अपुरी' म्हणून यादीतूनच गळतो. वापरणाऱ्याला जो मोड निभावून नेता येणार नाही, तो दाखवायचाच नाही. तुमच्या ड्रायव्हरमध्येही ही तपासणी पहिल्या दिवसापासून ठेवा.

आणि गुणाकार करताना ओळीची खरी लांबी धरा. बऱ्याच हार्डवेअरला प्रत्येक ओळ ६४ किंवा २५६ बाइटच्या पटीत सुरू व्हावी लागते, त्यामुळे ओळीची लांबी, म्हणजे पिच, रुंदीच्या हिशेबापेक्षा थोडी जास्त निघते.

जेम आणि टीटीएम

कर्नलमध्ये दोन नावं सतत भेटतील, जेम आणि टीटीएम. दोन्ही ग्राफिक्सचे बफर सांभाळणारे थर आहेत. जेम २००८ च्या डिसेंबरमध्ये, २.६.२८ या आवृत्तीत आलं. ते इंटेलच्या ग्राफिक्ससाठी लिहिलेलं होतं, आणि त्या काळच्या इंटेल ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नव्हती, सिस्टिम रॅममधलाच वाटा मिळायचा. त्यामुळे बफर कुठे राहतो हा प्रश्न जेमला फारसा पडलाच नाही. बफरला एक हँडल, म्हणजे ओळखीचा आकडा, देणं, ते प्रोग्रामांमध्ये वाटणं, शेवटचं हँडल गेलं की बफर सोडणं, ही जेमची कामं.

टीटीएम २००९ मध्ये २.६.३१ या आवृत्तीत आलं, रेडिऑन ड्रायव्हरसोबत. रेडिऑन कार्डांवर स्वतःची मेमरी होती, म्हणून टीटीएमचा सगळा भर जागेवर आहे. आजचे ड्रायव्हर दोन्ही वापरतात. बाहेरून जेम, आतून टीटीएम. पुढे इंटेलची स्वतःची मेमरी असलेली कार्डं आली, तेव्हा त्यांच्या ड्रायव्हरनेही टीटीएमच घेतलं.

टीटीएमच्या दृष्टीने बफर तीनपैकी एका ठिकाणी असतो. पहिलं ठिकाण सिस्टिम. पेजेस रॅममध्ये आहेत, पण कार्डाला ती दिसत नाहीत. दुसरं टीटी. पेजेस रॅममध्येच आहेत, पण कार्डाच्या पत्ता-तक्त्यात त्यांची नोंद आहे, म्हणून कार्ड ती वाचू शकतं. तिसरं व्हीरॅम. साध्या कार्डांना मधलं ठिकाण नसतंच.

बफर बनवताना तुम्ही जागा सांगत नाही, पसंती सांगता. 'व्हीरॅममध्ये ठेव, जमलं नाही तर टीटी चालेल', अशी. मग व्हॅलिडेट करायला, म्हणजे बफर जागेवर आणायला, सांगितलं की टीटीएम बफरला त्या पसंतीप्रमाणे बसवतं आणि गरज पडली तर दुसऱ्या कुणाला उठवतं. नवखे लोक इथे अडखळतात. व्हॅलिडेट झालं म्हणजे बफर त्या क्षणी तिथे आहे, इतकाच अर्थ. बफरचा लॉक सोडला की तो हलू शकतो.

पिन करणं

पडदा दाखवणाऱ्या हार्डवेअरच्या रजिस्टरमध्ये फ्रेमबफरचा ऑफसेट लिहिलेला असतो. ते हार्डवेअर सेकंदाला ६० वेळा तिथून वाचतं आणि कुणाला विचारत नाही. म्हणून पडद्यावर असलेला फ्रेमबफर हलता कामा नये. त्याला पिन करायचं, म्हणजे जागेवर खिळवून ठेवायचं. पिन केलेल्या बफरचा ऑफसेट भरवशाचा असतो. पिन नसलेल्या बफरचा ऑफसेट कुठेही साठवून ठेवू नका, एखाद्या स्ट्रक्टमध्येसुद्धा नाही.

पिन ही मोजणी आहे. दोनदा पिन केलं तर दोनदा सोडावं लागतं. माझ्या पहिल्या ड्रायव्हरमध्ये फ्रेमबफर दाखवायच्या आधी पिन व्हायचा, पण मोड बदलताना मधेच चूक निघाली तर मागे फिरण्याच्या वाटेवर मी अनपिन लिहायला विसरलो होतो. सगळं सुरळीत चाललं की काही कळायचं नाही. कुणी पडदा पाचसहा वेळा बदलला आणि त्यातले दोन प्रयत्न फसले, की सहावा 'मेमरी नाही' म्हणून अडायचा. दोन आठवडे मी अलोकेटरवर, म्हणजे जागा वाटणाऱ्या कोडवर, संशय घेत होतो. चूक होती एका विसरलेल्या ओळीत.

म्हणून पिन आणि अनपिन एका ठरलेल्या जोडीतच ठेवा. मोडसेटिंगच्या अॅटॉमिक पद्धतीत अशी जोडी तयार मिळते: फ्रेमबफर दाखवण्यापूर्वी तयार करणारा एक कॉलबॅक, आणि तो पडद्यावरून उतरल्यावर आवरणारा दुसरा. पहिल्यात पिन, दुसऱ्यात अनपिन. तिसऱ्या कुठल्याही ठिकाणी पिन करायची वेळ आली तर आधी आपण हे का करतोय ते स्वतःला विचारा. सोय म्हणून केलेला पिन पुढे कुणाची तरी जागा अडवतो.

जागा कशी अडते ते आकड्यांत पाहू. समजा १६ एमबीच्या कार्डाला हार्डवेअर कर्सर आहे, म्हणजे माउसचा बाण कार्ड स्वतःच वेगळ्या बफरमधून दाखवतं. ६४ गुणिले ६४ चा, ४ बाइटचा कर्सर म्हणजे १६ केबी, फक्त ४ पेजेस. सुरुवातीला १०२४ गुणिले ७६८ चा फ्रेमबफर ० पासून ७६७ पर्यंत बसला, त्याला लागून ७६८ ते ७७१ वर कर्सर बसला आणि पिन झाला. नंतर जुना फ्रेमबफर गेला. आता आपल्याला १९२० गुणिले १०८० चे दोन फ्रेमबफर हवेत. मोकळी पेजेस ४,०९२, लागणारी ४,०५०. पण कर्सरच्या खाली ७६८ पेजेस आणि वर ३,३२४. वरच्या भागात एकच फ्रेमबफर मावतो, दुसऱ्याला सलग जागा कुठेच नाही. चार पेजेसनी सगळी मेमरी अडवली. तोच कर्सर अगदी शेवटी, ४,०९२ पासून बसला असता, तर दोन्ही फ्रेमबफर बसून ४२ पेजेस उरली असती.

यासाठी टीटीएममध्ये 'वरून खाली' जागा शोधायचा फ्लॅग आहे. लहान आणि दीर्घकाळ पिन राहणाऱ्या बफरना तो लावा. मोठ्या कार्डांचे ड्रायव्हर बडी अलोकेटर वापरतात. तो मेमरीचे दोनाच्या घातांत तुकडे पाडतो, आणि ग्राफिक्स प्रोसेसरला स्वतःचा पत्ता-तक्ता असल्यामुळे बफरचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी असले तरी चालतं. आधी इंटेलच्या ड्रायव्हरपुरता असलेला हा अलोकेटर आता सगळ्यांसाठी सामायिक कोडमध्ये आहे.

अगदी थोडी मेमरी असलेल्या कार्डांवर मात्र फ्लॅग लावूनही भागत नाही. मोड बदलताना जुना फ्रेमबफर पडद्यावर असतानाच नव्याला जागा द्यावी लागते, आणि नवा नेमका मधोमध जाऊन बसतो. म्हणूनच असे कित्येक ड्रायव्हर, बॉक्ससकट, वेगळ्या वाटेने गेले: सगळे बफर सिस्टिम रॅममध्ये ठेवायचे, व्हीरॅममध्ये फक्त पडद्यापुरती जागा राखायची, आणि चित्राचा जो भाग बदलला तेवढाच तिकडे कॉपी करायचा. वाचणं रॅममधून होतं, तेव्हा संथ वाचनाचा प्रश्नही सुटतो. तुमच्या कार्डाला थ्रीडी येत नसेल आणि मेमरी ३२ एमबीच्या आत असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की हीच वाट धरा आणि पुढचा भाग समजून घेण्यापुरता वाचा.

हुसकावणं, आणि प्रोग्रामला ते न कळणं

व्हीरॅम भरली आणि नवा बफर आला की टीटीएम सर्वांत जास्त काळ न वापरलेला, पिन नसलेला बफर शोधतं आणि त्याला बाहेर काढतं. आता हा बाहेर गेलेला बफर एखाद्या प्रोग्रामने स्वतःच्या पत्त्यांमध्ये मॅप करून ठेवलेला असू शकतो. तो प्रोग्राम त्या पत्त्यावर लिहीतच असतो. मग काय होतं?

हा भाग मला आजही सुंदर वाटतो. बफर हलवण्याआधी कर्नल प्रोग्रामच्या पेज टेबलमधल्या त्या बफरच्या नोंदी पुसून टाकतं. प्रोग्रामने पुढच्या वेळी तिथे हात लावला की पेज फॉल्ट होतो. फॉल्ट सोडवणारा कोड बफरचा लॉक घेतो, बफर आता कुठे आहे ते पाहतो, आणि नवी नोंद करतो: व्हीरॅममध्ये असेल तर राइट-कम्बाइनिंग, रॅममध्ये असेल तर तिथलं मॅपिंग. प्रोग्राम त्याच पत्त्यावर लिहीत राहतो, खालची जमीन बदलली हे त्याला कळतसुद्धा नाही. तुमच्या ड्रायव्हरमध्ये मॅपिंगचा कोड स्वतः लिहायचा मोह झाला, तर हे सगळं तुम्हालाही पेलावं लागेल. टीटीएमचाच वापरा.

कार्ड स्वतः त्या बफरवर काम करत असेल तर? तिथे फेन्स येतात. ग्राफिक्स प्रोसेसरला काम दिलं की त्या कामाचा एक फेन्स तयार होतो आणि बफरच्या रिझर्व्हेशन ऑब्जेक्टमध्ये (बफरचा लॉक आणि फेन्स जिथे राहतात ती रचना) जोडला जातो. काम संपलं की तो सिग्नल होतो. बफर हलवायची कॉपी या जुन्या फेन्सनंतरच सुरू होते, आणि कॉपीचाही स्वतःचा फेन्स असतो. रिकाम्या झालेल्या जागी बसणाऱ्या नव्या बफरला त्या कॉपीच्या फेन्सची वाट पाहावी लागते. इथे घाई केली तर एका प्रोग्रामचं चित्र दुसऱ्याच्या खिडकीत उमटतं.

त्याच कारणाने दिलेली जागा आधी पुसून द्या. व्हीरॅममध्ये आधीच्या मालकाचा मजकूर तसाच पडून असतो, आणि तो कुणाच्या खाजगी पत्राचाही असू शकतो. याबाबत मी तडजोड मानत नाही.

लॉकबद्दल थोडंसं. एका कामात वीस बफर असतील तर वीस लॉक घ्यावे लागतात, आणि दुसरं काम तेच बफर उलट्या क्रमाने मागत असेल तर दोघंही अडकतील. म्हणून रिझर्व्हेशन लॉक साधे म्युटेक्स नसून असा तिढा ओळखणारे, कर्नलमधल्या ww_mutex जातीचे आहेत. 'डेडलॉक होईल' अशी चूक परत आली, तर हातातले सगळे लॉक सोडायचे, ज्याच्यावर अडलं तो आधी घ्यायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. या चुकीला खरी चूक समजून वापरणाऱ्यापर्यंत पोहोचवू नका.

आणखी एका चुकीच्या नावामुळे गोंधळ होतो. व्हीरॅममध्ये जागा मिळाली नाही तर टीटीएमच्या आत 'जागा नाही' अशी चूक निघते, पण जुन्या प्रोग्रामांशी जुळावं म्हणून बाहेर ती 'मेमरी नाही' म्हणून जाते. रॅम भरपूर मोकळी असताना हा संदेश दिसला तर आधी व्हीरॅम आणि पिन तपासा.

झोपताना

यंत्र सस्पेंड होताना कार्डाची वीज गेली तर व्हीरॅममधलं सगळं जातं. त्याआधी ते रॅममध्ये आणावं लागतं. आधी नेहमीचे बफर ग्राफिक्स प्रोसेसरच्या कॉपीने हलवा, मग प्रोसेसर थांबवा, आणि त्याच्या कामासाठीच लागणारे उरलेले बफर सीपीयूने उचला. क्रम उलटा झाला तर कॉपी करणारंच कुणी उरत नाही. यातली नेहमीच्या बफरची हलवाहलव सस्पेंडच्या सुरुवातीच्या तयारीच्या टप्प्यात करा. तेव्हा डिस्कवरचा स्वॅप अजून चालू असतो, म्हणून भरलेल्या रॅममध्येही जागा करता येते. नंतर ती सोय राहत नाही.

तपासणी

एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये सिसएफएसखाली (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतं ती जागा) एकूण, वापरातली आणि दिसणारी व्हीरॅम किती, याच्या फाइली आहेत. तुमच्या ड्रायव्हरलाही निदान डिबगएफएसमध्ये, म्हणजे चुका शोधण्यासाठीच्या तशाच जागेत, अशी एक फाइल द्या, कोणता तुकडा मोकळा आणि कोणता भरलेला ते दाखवणारी. कर्सरच्या उदाहरणासारखी अडचण त्या यादीत चटकन दिसते. व्हीरॅमवर गटवार मर्यादा घालायची सोय कर्नलच्या ६.१४ या आवृत्तीपासून सीग्रुपमध्ये (प्रोग्रामांचे गट करून त्यांना साधनं वाटणारी सोय) आली आहे, पण पहिल्या ड्रायव्हरला ती लगेच लागणार नाही.

मग चाचणी. क्यूईएमयूमधल्या कार्डाची मेमरी ८ एमबीवर आणा, नंतर ४ वर. मोड पन्नास वेळा बदला. प्रत्येक फेरीत एखादा मोड मुद्दाम फसू द्या, म्हणजे मागे फिरण्याच्या वाटा चालवल्या जातील. एखादा प्रोग्राम बफर मॅप करून लिहीत असतानाच सस्पेंड करा आणि परत उठवा. हे सगळं झाल्यावर ड्रायव्हर काढून टाका आणि कर्नलचा लॉग वाचा. आवरताना मेमरी मॅनेजर रिकामा नव्हता असा इशारा तिथे दिसला, तर कुठेतरी एक बफर अजून जागा धरून बसला आहे. तो इशारा जाईपर्यंत ड्रायव्हर कुणाच्या हाती देऊ नका.